एक झटका म्हणजे लाइन साफ

दाजी टेलिफोनचे सेल जिभेने तपासत. लाकडी पेटीचं झाकण उघडायचं, सेलच्या दोन्ही तारा जिभेच्या टोकाला लावायच्या, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. निकाल दोनच: "हा मेला," नाहीतर "हा थकला." मेलेला ते टाकून देत. थकलेला एक्सचेंजच्या पत्र्यावर दोन दिवस उन्हात ठेवत आणि पुन्हा कामाला जुंपत. ते मेकॅनिक, मी ऑपरेटर. मला ते बाबू म्हणत. तालुक्याच्या त्या गावात त्यांची सासुरवाडी होती, त्यामुळे मेव्हण्यांपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांचेच ते दाजी.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती पाच-सहा वर्षं. आमच्या बोर्डावर जेमतेम चाळीस नंबर. कुणी आपल्या टेलिफोनचं हँडल फिरवलं की बोर्डावर त्याची झाकणी टपकन पडायची. मग मी तिच्या भोकात जोडणीची दोरी खोचून नंबर विचारायचो. कचेरी, दवाखाना, अडत्यांच्या पेढ्या आणि कापसाचे दोन जिनिंग कारखाने. दिवसभर बसून माझी कंबर धरायची. दाजी तर शेलूबाजारच्या बाजूला खांबामागून खांब सायकलवर पालथे घालून यायचे आणि पायरीवर बसून राहायचे. पाणीसुद्धा मागायचे नाहीत. आपण पुढे केलं तर प्यायचे.

बोलणं मात्र रोखठोक. एका जिनिंगचा मॅनेजर टेलिफोनवर ओरडून ओरडून थकला होता, पलीकडे काहीच जात नव्हतं. दाजींनी बोलण्याचा भोंगा काढून त्याच्यासमोर धरला. "सायेब, याच्यात तुमचं पान बसलं हाये. बोलनं कुठून जाईन?" भोंगा पुसून, आतला कोळशाचा चुरा पेचकसाच्या मुठीने ठोकून मोकळा करून दाजी उठले.

एका चैत्रात, पाऊस नसताना, लांब कुठेतरी तारेवर वीज पडली. त्या वेळी दाजींच्या डाव्या कानाला टेलिफोन होता. "कानात रातकिडा बसला हाये," एवढंच म्हणाले. पुढे तो किडा उजव्या कानातही गेला असावा. मला कळायला वर्ष लागलं. दुरुस्ती झाली की ते तिथून मला फोन करत, "टेस्टिंग, बोला," आणि मी बोललो की "ठीक." हळूहळू त्यांचं "ठीक" माझं बोलणं संपायच्या आधीच येऊ लागलं. मला शंका आली. एके दिवशी मी मुद्दाम म्हणालो, "दाजी, तुमची सायकल चोरीला गेली."

"ठीक हाये. लाइन साफ हाये," दाजी म्हणाले.

परत आल्यावर मी त्यांना मागच्या खोलीत नेलं आणि तेच वाक्य कानाशी ओरडून सांगितलं. त्यांनी आधी सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कायले परीक्षा पाह्यतं बाबू? पेन्शनले चार वर्सं हायेत. दोन पोरी लग्नाच्या हायेत. मले घरी बसवतीन."

तोडही त्यांनीच काढली. टेस्टिंगच्या वेळी ते थुंकीने ओली केलेली बोटं लाइनच्या दोन स्क्रूंवर ठेवणार. मी लाइन ऐकून बोर्डाचं हँडल फिरवायचं, म्हणजे घंटीची वीज तारेतून त्यांच्या बोटांत जाणार. एक झटका म्हणजे लाइन साफ, दोन म्हणजे खराब. पहिल्या दिवशी माझा हात वळेना. "फिरव ना! मी काय मरून राह्यलो का?" ते तिकडून ओरडले. मी फिरवलं. असं दोन वर्षं चाललं. रोज पाच-सहा वेळा मी त्या माणसाला शॉक देत होतो, आणि ते संध्याकाळी येऊन माझ्याशेजारी बसत होते.

कापसाच्या हंगामात जिनिंगचा टेलिफोन बंद पडला. दाजी गेले. दुपारी तिथली झाकणी पडली, मी दोरी खोचली आणि दाजींचा आवाज फुटला. "बाबू! डाक्टरले पाठव! बाईचा हात रेच्यात गेला!" कापसातून सरकी काढणाऱ्या त्या यंत्रात कामावरच्या बाईचा पंजा अडकला होता. मॅनेजर जागेवर नव्हता. टेलिफोन नुकताच जोडलेला आणि जवळ दाजीच.

मी सवयीने एकदा हँडल फिरवलं आणि लगेच दवाखाना जोडला. डॉक्टर टांग्यात बसेपर्यंत दुसऱ्या दोरीवर दाजी तेच ओरडत होते. "बाबू, आयकलं का? डाक्टर निघाला का?" मी पुन्हा एक झटका दिला. पण त्याचा अर्थ लाइन साफ, एवढाच होता. डॉक्टर निघाले, हे सांगायला आमच्याकडे खूण नव्हती. ते ओरडत राहिले, मी इकडून "निघाले, निघाले" म्हणत राहिलो. शेवटी तिथल्या कारकुनाने टेलिफोन त्यांच्या हातातून घेतला, माझं ऐकलं, आणि माणसं जमली होती त्यांच्या देखत म्हणाला, "केव्हाचे सांगताहेत ते. तुम्हाला ऐकू येत नाही का?"

बाई वाचली. तीन बोटं गेली. दाजी नसते तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं. पण बातमी वरपर्यंत गेली. साहेब आले, कानांची तपासणी झाली आणि महिन्याभरात दाजींना घरी बसवलं. धाकटीचं लग्न पुढे गेलं.

त्यांना भेटायला मी त्यांच्या गावी, आसेगावला गेलो तो पुढच्या दिवाळीनंतर. भावाच्या शेतावर ते तुरीची राखण करत होते. अंगणात बाज टाकली होती. शेजारचे दोघे-तिघेही येऊन बसले. वाटभर जुळवलेलं मी खाली मान घालून बोललो. त्या दिवशी मला काहीतरी खूण सुचायला हवी होती, माझ्यामुळे तुमची नोकरी गेली, असं काहीबाही.

"नाई आयकू आलं," दाजी चारचौघांत मोठ्याने म्हणाले. त्यात लाज नव्हती. "दोन सालं नुसती मान हालवली बाबू. मान दुखून गेली. आता मी ज्याले त्याले सांगतो, का बाबा, मले आयकू येत नाई. इकडे सरक, जवळून बोल."

मी बाजेवर सरकलो, त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.