पोटदुखीवालं गाणं

सुपडूच्या पुतण्याचा फोन आला तेव्हा मी दुपारचं जेवून नुकताच उठलो होतो. "काका गयात," एवढंच तो म्हणाला आणि थांबला. बातमीदारीत आयुष्य गेलेल्या माणसाला अशा वेळी प्रश्न आपोआप सुचतात : कधी, कुठे, कशाने. मी तिन्ही विचारले. त्यानेही उत्तरं दिली. सकाळी, घरीच, वयाने. आदल्या संध्याकाळी खाटेवर बसून चहा घेतला, चहात साखर कमी म्हणून कुरकुर केली, ग्रामोफोनला चावी भरली आणि आडवे झाले... सकाळी उठलेच नाहीत. फोन ठेवल्यावर मनात आलं, सुपडू इतका वेळ न हलता पडून राहिला असेल तर तो त्याच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग.

सुपडू नंदुरबारच्या एका लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. बँड त्याच्या थोरल्या भावाचा, राजाराम आप्पांचा. आमची घरं एकाच गल्लीत समोरासमोर होती, त्यामुळे त्याची चुळबूळ मी लहानपणापासून पाहत आलो. शाळेच्या बाकावर त्याचा गुडघा हलायचा. पुढे हातात ट्रम्पेट आलं तेव्हा गुडघा थांबला आणि उजव्या हाताची तीन बोटं हलू लागली. ट्रम्पेटला तीन खटके असतात, त्यांची ती बोटं. एसटीच्या दांड्यावर, बशीच्या काठावर, बोलता बोलता माझ्या खांद्यावरही ती चालू असत. काम नसलं की तो स्टेशनवर जाऊन सुरतेकडची गाडी सुटताना पाहत उभा राहायचा. त्याला कुठे जायचं नसायचं. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाला, "गाडी निंघी गयी का माले बरं वाटस. उभी गाडी देखीसन जीव घाबरस."

साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. बँडवाल्यांना नवी गाणी शिकण्याचा एकच रस्ता होता. आप्पांनी एका बंद पडलेल्या तंबू थिएटरकडून हाताने चावी भरायचा ग्रामोफोन घेतला होता. त्यावर सिनेमाची तबकडी लावायची, सगळ्यांनी भोवती बसायचं आणि कानाने चाल उचलायची. कागदावर काही उतरवत नसत. तालमीची जागा गावाबाहेर, मिरच्यांच्या पथारीच्या कडेला. हंगामात तिथे नजर जाईल तिथवर लाल मिरची वाळत पडलेली असे आणि वारा फिरला की अख्खा बँड शिंकायला लागे. क्लॅरिनेटवाले तोंडाला ओलं फडकं बांधून बसत. सुपडू बांधत नसे. डोळ्यांतून पाणी वाहत असताना वाजवायचा आणि म्हणायचा, ऐकणाऱ्याला वाटतं मास्तर गाण्यात बुडाला.

मी तेव्हा एका दैनिकाला नंदुरबारहून बातम्या पाठवत असे आणि कामानिमित्त सुरतेला जात असे. तिथल्या जुन्या बाजारात मला एक तबकडी मिळाली. नेहमीपेक्षा लहान, वजनाला हलकी, मधलं भोक मात्र भलतंच मोठं. वरच्या कागदावरची इंग्रजी अक्षरं घासून गेलेली होती. दुकानदार एवढंच म्हणाला की विलायतेत पोरं यावर नाचतात. सुपडूला नवीन काही लागायचं, म्हणून घेतली. त्याने दोऱ्याच्या रिळाचा तुकडा कापून भोकात बसवला, चावी भरली आणि सुई टेकवली.

आतून जो आवाज आला तो कुणा माणसाचा असेल असं वाटलं नाही. चिरका, उंच, धापा टाकणारा. ढोल तर एकमेकांच्या अंगावर पडत होते. आप्पांनी कपाळावर हात मारला. सुपडू मात्र उठून उभा राहिला. "हाई गाणं पयी ऱ्हायनं," तो म्हणाला, "आपले याना मांगे पयनं पडी." गाणं पळत होतं आणि त्याला त्याच्या मागे पळायचं होतं. एवढी वर्षं तो ज्याच्या शोधात स्टेशनवर उभा राहत होता, ते बहुधा हेच.

पण त्या जाड लोखंडी सुईला ती तबकडी सोसत नव्हती. दर वेळी थोडं गाणं खरवडून निघत होतं. आधी झांजा गेल्या, मग मागे साथ देणारे आवाज, मग शब्द. सुपडूला ते पहिल्या दिवशीच कळलं आणि त्याची घाई सुरू झाली. गाणं पुसलं जाण्याच्या आत ते बोटांत उतरवायचं होतं. ऐकण्यात तो एवढा गुंतायचा की मधे थांबून चावी भरायचं भान राहायचं नाही. त्यामुळे शेवटाकडे ग्रामोफोन मंदावायचा आणि ती पळती चाल घसरत, जाड होत खाली उतरायची. सुपडूने ती घसरणही गाण्यातलीच समजून उचलली. आम्हा सगळ्यांचाच तसा समज झाला. काही दिवसांनी तबकडीतून नुसती खरखर येऊ लागली, तेव्हा ते गाणं जगात फक्त सुपडूच्या तीन बोटांत उरलं आहे, असं आम्हाला वाटत होतं.

कोटाचं प्रकरण त्याच सुमाराचं. बँडचा गणवेश लाल, त्यावर पांढरी पट्टी. सुपडूने गुजराती बाजारातून आभले आणले, घागऱ्यावर लावतात ते आरशाचे तुकडे, आणि कोटभर शिवून घेतले. शिवले त्याच्या बायकोने, यमुनावहिनींनी. शिवताना शेजारणींना ऐकवत होत्या, "मन्हा लुगडाले एक आभलं नई, आनि नवराना कोट देखा." तो कोट आणि डोळ्यांत काजळाची रेघ, अशा थाटात सुपडू तालमीला आला. आप्पांनी नखशिखांत पाहिलं.

"नवरदेव तू शे का तो?"

"तो एक दिनना शे, आप्पा. मी रोजना."

आप्पांना हसू आलं नाही. दोन दिवसांवर तापीकाठच्या एका गुजर पाटलांच्या घरचं लग्न होतं. केळीचे, उसाचे बागायतदार. त्यांच्याकडे वाजवलं की त्या पट्ट्यातली पुढची लग्नं मिळत. सुपडूला ते गाणं तिथेच वाजवायचं होतं. आप्पांचं म्हणणं सरळ होतं : जे गाणं कुणी ऐकलेलं नाही त्यावर कोण नाचणार? शेवटी ते म्हणाले, "वाजाड. पन ट्रम्पेट मन्हं शे. लगनमा गडबड व्हयनी तर ते अठे ठेव आनि स्टेशनवर हमाली कर. तसा बी तू तठेच ऱ्हास." आप्पा रागात बोलले तरी शब्द फिरवत नसत, हे सुपडूला ठाऊक होतं. त्या रात्री त्याने कोट काढून ठेवला नाही.

मारुतीच्या पारावरून नवरदेव घोड्यावर निघाला तेव्हा ऊन कललं होतं. सुपडूच्या कोटावरून उजेडाचे ठिपके घरांच्या भिंतींवर पळू लागले. घोडा बिचकला, नवरदेवाने दोन्ही हातांनी त्याची मान धरली. दोन ओळखीची गाणी झाली आणि मग सुपडूने ते सुरू केलं. पहिली काही कडवी लोक नुसते पाहत होते. मग पाटलांच्या घरातली तरुण पोरं आत घुसली, टोप्या उडाल्या. आणि ऐन भरात, हात वर असताना, गाणं घसरत खाली आलं आणि थांबलं... पोरांचे हात तसेच वर राहिले. कुणाला काय करावं कळेना. पाटील गर्दीतून वाट काढत आले आणि ट्रम्पेटकडे बोट दाखवून म्हणाले,

"काय रे, तुन्हा कर्णाना पोटमा दुखस का?"

"हाव दादा," सुपडू म्हणाला. "गाणंच तसं शे."

पाटलांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा जमिनीकडे पाहत होते. "मंग परत वाजाड," पाटील म्हणाले. "पोटदुखी संगे."

दुसऱ्या वेळी पोरांनी स्वतःच उत्तर काढलं. सूर उतरू लागला तशी सगळी वरात हळूहळू खाली बसत गेली, पार जमिनीला टेकली आणि पुढच्या कडव्याला उसळून उठली. त्या मोसमात खापरपासून नवापूरपर्यंत ज्या गावात बँड गेला तिथे फर्माइश एकच, पोटदुखीवालं वाजाडा. ट्रम्पेट सुपडूकडे राहिलं. क्लॅरिनेट घेऊन आप्पाही त्या उताराला खाली येऊ लागले होते.

काही वर्षं अशीच गेली. मग एका उन्हाळ्यात नवापूरकडचं लग्न आटोपून बँड परत येत होता, मी बरोबर होतो, आणि विसरवाडीला गाडी चहासाठी थांबली. हॉटेलच्या गल्ल्यावर ट्रान्झिस्टर चालू होता. एक भारदस्त आवाजाचा पुरुष सावकाश, जड असं इंग्रजी गाणं गात होता, कुणी दुरावल्यावर गातात तसं. मी लक्ष देत नव्हतो. सुपडूची बोटं टेबलावर चालत होती, ती एकाएकी मंदावलेली मला दिसली. तेच गाणं होतं. त्या लहान तबकडीची चाल मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची आणि आप्पांचा ग्रामोफोन अठ्ठ्याहत्तरचा, म्हणजे आम्ही ते जवळजवळ पावणेदोनपट वेगाने ऐकलं होतं आणि शेवटची घसरण नुसती उतरत्या चावीची होती, हे मला तिथे बसल्या बसल्या समजलं. मी ते त्याला सांगितलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं.

"यास्ना रेडिओनी चावी उतरी गयी शे," तो म्हणाला. बँडवाले हसले. तो हसला नाही. पुढे नंदुरबारपर्यंत तो गाडीच्या दारात उभा होता. उतरताना एवढंच विचारलं, "मंग मी इतला साल काय वाजाडं?"

त्यानंतरच्या लग्नांत त्याने ते गाणं वाजवलं नाही. लोक मागायचे, तो दुसरं काहीतरी सुरू करायचा. कोटही घालणं सोडलं. शेवटी एका वरातीत पोरं अडून बसली तेव्हा आप्पाच त्याच्याजवळ गेले. "वाजाड रे. लोक तुन्हा गाणावर नाचेल शेतस, रेडिओना नई." सुपडूने ट्रम्पेटचं तोंड बाहीने पुसलं आणि ओठाला लावलं. गाणं पूर्वीसारखंच पळालं. उतार आला, वरात खाली बसली. पण या वेळी तो तिथून लगेच उठला नाही. तळाशी थांबून त्याने एक अख्खी ओळ वाजवली, त्या ट्रान्झिस्टरवरच्या माणसाइतकी सावकाश. सगळी माणसं उकिडवी बसून ऐकत राहिली. मग तो उठला आणि माणसं उठली. त्यानंतर फुंकायचा दम होता तोवर त्याने ते असंच वाजवलं. मला म्हणाला, "चावी उतरताना मधमा एक घडी ते आपली खरी चालवर येत व्हतं, पेपरवाला. तेवढंच आपले खरं सापडेल व्हतं. आनि तेच माले आवडे."

पुढे सत्तरच्या दशकात त्याच्या पुतण्याने मुंबईहून परदेशी गाण्यांचं एक मासिक आणलं. त्यात चमचमते कोट घातलेले, डोळे रंगवलेले विलायती गायक होते. जगात तेव्हा त्या थाटाची मोठी चलती होती; आज माझ्या पिढीतले शहरातले लोक ती गाणी आठवून हळवे होतात. सुपडूने चित्र खिडकीशी नेऊन निरखलं. "हाऊ मन्हाच धंदामधला शे," तो म्हणाला. "पन आभला शिवेल नईत, चिकटाडेल शेतस. घाममा पडी जातीन."

गेल्या आठवड्यात मी घरी भेटायला गेलो. यमुनावहिनींनी पाणी दिलं. आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. बँड आता पुतण्या चालवतो आणि पोटदुखीवालं अजून वाजतं, असं त्याने सांगितलं. कोट खुंटीवर होता, बरेचसे आभले जागच्या जागी. खाटेशेजारी स्टुलावर ग्रामोफोन. ट्रम्पेट फुंकायचा दम गेल्यावर सुपडूने रोज संध्याकाळची एक सवय लावून घेतली होती : चावी भरायची, ती गुळगुळीत झालेली तबकडी लावायची आणि खरखर मंदावत थांबेपर्यंत गुडघ्यावर तीन बोटं चालवत बसायचं. वहिनी म्हणाल्या, त्या संध्याकाळी चावी भरली, तबकडी लावली आणि म्हणाले, जरा पडतो, मग ऐकतो.

मी सवयीने दट्ट्याकडे हात नेला. तो सरकवला की तबकडी फिरू लागते.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ," वहिनी म्हणाल्या. "त्यास्नी भरेल चावी शे ती."

मी हात मागे घेतला. बाहेर रिक्षा गेली, तेव्हा खुंटीवरच्या कोटावरून उजेडाचे काही ठिपके भिंतीवर सरकले आणि थांबले. तबकडी जागेवर होती. चावीची आतली कमान अजून घट्ट भरलेली होती.