गाणारी जमीन आणि बाबा

सिंगापूरकर मंडळी, आत्ताच आम्ही जपानमधल्या क्योतोच्या हॉटेलवर परतलोय. पाय दुखतायत, पण हे आजच सांगायचंय.

माझे बाबा जहाजावर इंजिनिअर होते. इंजिन रूमच्या आवाजाने कान गेले. आई गेल्यावर ते सिंगापूरला, बुकित पंजांगच्या आमच्या घरी राहायला आले, पण चारचौघांत गप्पच बसतात.

सकाळी देवळं आणि बागा पाहून आम्ही बूट काढून एका जुन्या राजवाड्यात शिरलो. तिथली लाकडी जमीन चालताना पक्ष्यांसारखी चिवचिवते. सगळे थबकून ऐकत होते. मला बाबांकडे बघवेना.

माझी लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत कुजबुजली, "आई, आजोबा कान्ट हिअर ला."

बाबा मोज्यांवर हळूहळू पुढे गेले. डोळे मिटले आणि चक्क हसले.

"तळव्यांना कळतंय गं! जहाजावर इंजिनचं दुखणं मी असंच ओळखायचो."

लेकीने डोळे मिटून त्यांचा हात धरला. टोकापर्यंत दोघं तशीच चालत गेली.

"वन मोअर टाइम, आजोबा!"

त्यांना ते ऐकू गेलं नाही. पण ते पुन्हा चालायला आधीच मागे वळले होते.

तुमच्याकडे कमी ऐकू येणारं कुणी आहे का? त्यांच्याशी तुमच्या गप्पा कशा रंगतात?