सत्तरीतल्या बाईलाही विचारायचा प्रश्न

डॉ. मालती पेंढरकर यांना मी प्रथम भेटले ती नोकरीच्या मुलाखतीला. मी मूळची नागपूरची, स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून शिक्षण नुकतेच पुरे केलेले. अमेरिकेत कॅरी गावातल्या आपल्या दवाखान्यासाठी त्या जोडीला कोणी तरी शोधत होत्या. पदव्यांविषयी त्यांनी काहीच विचारले नाही. म्हणाल्या, "सत्तरीच्या बाई सुनेबरोबर आल्यात. खाली खाज आहे, आग होते. आधी काय करशील?"

"सुनेला बाहेर बसवीन," मी म्हटले.

मालतीताई मोकळेपणाने हसल्या. "सोमवारपासून ये."

त्यांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथात त्यांच्या विद्वत्तेविषयी अधिकारी मंडळी लिहितीलच. त्यांच्याजवळ बसून मी जे पाहिले, ते सांगते.

रुजू झाल्यावर काही महिन्यांनी सुमनकाकू आल्या. हे त्यांचे खरे नाव नव्हे. हकीकत मात्र त्यांनी स्वतःहून लिहायला सांगितली आहे. पती वारलेले, पुण्याहून मुला-सुनेकडे राहायला आलेल्या, सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या. सूनबाई काळजीने म्हणाल्या, "आईंना परत युरिन इन्फेक्शन झालंय. दुसरीकडे कितीदा अँटिबायोटिक्स दिली, काही फरकच नाही. मी थांबते, त्यांना इंग्लिश टर्म्स कळत नाहीत."

"आम्ही मराठीतच बोलणार आहोत," ताई म्हणाल्या आणि त्यांनी दार उघडून धरले.

सूनबाई गेल्यावर ताईंनी खुर्ची जवळ ओढली. जळजळ लघवीच्या वेळी होते की एरवीही, पांढरे जाते का, वास येतो का, हे सगळे सावकाश विचारले. मग त्याच सुरात म्हणाल्या, "सुमनताई, सध्या तुमचे कोणाशी शरीरसंबंध आहेत? पंचविशीतल्या मुलीला विचारते, तसंच तुम्हालाही विचारते."

काकू पदराशी चाळा करत राहिल्या. ताईंनी घाई केली नाही. अखेर काकू म्हणाल्या, "आहेत. सकाळी तळ्याभोवती फिरायला येतात ते. त्यांच्याही मिसेस गेल्या. पण आता मी फिरायला जाणंच सोडलंय. पुण्याला परत जावं म्हणते."

"का?"

"हे असलं अंग घेऊन कोणाला तोंड दाखवू?"

तपासताना पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा ताईंना दिसलाच. एखाद्याने तेवढ्यावर मलम देऊन पाठवणी केली असती. ताईंनी लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या संसर्गांच्या चाचण्याही सांगितल्या, आणि नमुना घेण्याआधी विचारले, "तुमचे रिपोर्ट कोणाच्या फोनवर जातात?"

"सुनेच्या. तीच बघते सगळं."

"मग आधी ते बंद करू. तुमचे रिपोर्ट तुम्हीच बघायचे."

चाचणीत ट्रायकोमोनास निघाला. हा शरीरसंबंधातून पसरणारा, पण गोळ्यांनी पूर्ण बरा होणारा संसर्ग. ताईंनी काकूंना बोलावून घेऊन समोर बसवून सांगितले. काकूंचा चेहरा उतरला. "म्हणजे त्यांनी मला फसवलं?"

"तसं यावरून ठरत नाही. हा जंतू काही त्रास न देता कित्येक महिने, कधी वर्षंही अंगात राहतो. त्यांना माहीतही नसेल. औषध कोणतं द्यायचं, ते चाचणीने कळलं. माणूस कसा आहे, ते तुम्ही मला सांगा."

"चांगले आहेत हो," काकू म्हणाल्या.

"तर मग दोघांनीही गोळ्या घ्या. दोघं बरी होईपर्यंत संबंध नको. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. आणि कोरडेपणासाठी मलम वेगळं देते."

ते गृहस्थही उपचार घेऊन आले. फेरतपासणीत काकूंना संसर्ग उरला नव्हता. पुण्याचा बेत त्यांनी आपणहून रद्द केला, आणि मुलाला त्या गृहस्थांविषयी सारे स्वतःच सांगितले. मुलगा आठवडाभर आईशी धड बोलला नाही. मग एका रविवारी त्यानेच त्या गृहस्थांना जेवायला बोलावले.

पुढे इथल्या मराठी मंडळात ज्येष्ठ महिलांसाठी ताईंचे व्याख्यान ठरले. विषय कळताच एका कार्यकर्तीचा फोन आला, "ताई, बीपी-शुगरवर बोला ना. हे फार ऑकवर्ड होईल."

"बीपीवर बोलणारे तुम्हाला खूप मिळतील," ताई म्हणाल्या. "यावर इथं मराठीत बोलणारी मी एकटीच आहे."

व्याख्यानात त्यांनी आडपडदा ठेवला नाही. खाज म्हणजे संसर्गच असे नाही, त्वचेचा वेगळा विकारही असू शकतो. पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला तर थांबून राहू नका. नवा जोडीदार असेल तर वय काहीही असो, चाचणी करून घ्या. शेवटी त्यांनी शंका विचारायला सांगितले. सभागृहात कोणी मान वर करीना. तेव्हा मागच्या रांगेतून सुमनकाकू उठल्या.

"मला झालं होतं," त्या म्हणाल्या. "आठवड्याच्या गोळ्यांनी बरं झालं. त्याआधी वर्षभर मी नुसती कुढत होते."

मी ताईंकडे पाहिले. त्यांनाही याची कल्पना नव्हती. त्या माईक खाली ठेवून काकूंच्या शेजारी जाऊन बसल्या, आणि मग एकेक हात वर होऊ लागला.

ताई रागावतातही. पेशंटचे बोलणे मध्येच तोडले तर आम्हाला खोलीबाहेर नेऊन खडसावतात. गाडी मात्र अशी लावतात की शेजारच्या दोघांची पंचाईत! माझी आई नागपुरात अत्यवस्थ झाली तेव्हा मी रजा मागायला गेले, तर माझ्या सगळ्या अपॉइंटमेंट्स त्यांनी आपल्याकडे घेऊनही टाकल्या होत्या. "इथलं मी बघते. तू आईजवळ बस," एवढेच म्हणाल्या. आईच्या अखेरच्या दिवसांत मी तिच्याजवळ होते, ते ताईंमुळे.

परवा काम आटोपल्यावर त्या माझ्या खोलीत आल्या आणि तपासणीच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माझ्या डॉक्टर निवृत्त झाल्या. आता माझी तपासणी तू करशील? आणि मी शिकवलेले सगळे प्रश्न विचारायचे हं, एकही गाळायचा नाही."

मी एकही गाळला नाही. ताईंची प्रकृती उत्तम आहे, हे त्यांच्या परवानगीने येथे जाहीर करते. त्यांना निरोगी शंभरी लाभो, आणि दरवर्षी त्यांना तपासायचा मान माझाच राहो.