शारजातलं दोन फुटी जोतं

शारजात खिडकी कितीही घट्ट लावा, वाळू आत येतेच. किस्स्यांचंही तसंच आहे. आमच्या मिशन कंपाउंडमध्ये मराठी हॉल बांधला त्याला बरीच वर्षं झाली, पण जुनी चार माणसं चहाला जमली की प्रत्येकाच्या खिशातून एकेक किस्सा निघतोच. मी ड्राफ्ट्समन, हॉलचं ड्रॉइंग माझं. त्यामुळे माझा खिसा जरा जास्त भरलेला!

*

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. कंपाउंड एक आणि भाषा ढीगभर. इंग्रजी, मल्याळम, तमिळ, उर्दू, सगळ्यांना सुट्टीच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, उपासनेची वेळ वाटून दिलेली. आम्ही मराठी मंडळी जेमतेम पंचवीस घरं, बहुतेक नगरकडची. आमच्या वाट्याला शुक्रवार दुपारचे दोन आणि पत्र्याची पोर्टाकॅबिन.

ऑगस्टमध्ये एसी बंद पडला. मेणबत्ती पेटवायच्या आधीच वाकली! पाळकसाहेबांनी बायबल मिटलं आणि म्हणाले, "आज नरकावर प्रवचन होतं. पण आता गरज वाटत नाही."

त्याच महिन्यात कंपाउंडच्या कमिटीने सांगितलं, मागची मोकळी जागा घ्या आणि हॉल बांधा. पुढच्या वर्षीच्या नाताळाआधी झाला तर शुक्रवार सकाळची वेळ तुमची. नाही झाला, तर जागा दुसऱ्या भाषेला. सकाळची वेळ! आम्ही लगेच हो म्हणालो.

*

आमचा मिस्त्री तुकाराम, संगमेश्वरचा. हमरिया फ्री झोनमध्ये सहा दिवस शटरिंगचं काम करायचा आणि सातवा दिवस आम्हाला द्यायचा. ख्रिस्ती नव्हता. "आपल्या माणसांचं काम आहे ना? मग झालं!" एवढंच म्हणाला.

त्याच्या हाताखाली साळवेसाहेब. बँकेत मॅनेजर, केबिनबाहेर शिपाई. इथे मात्र तुकाराम परांचीवरून ओरडायचा, "ओ मॅनेजर, पाटी रिकामी का? यल्ला, चला लवकर!"

एकदा इन्स्पेक्टर आला. "फोरमन कौन है?" साळवेसाहेब डोक्यापासून पायापर्यंत सिमेंटने माखलेले. त्यांनी बोट वर केलं. "वो ऊपर है, सर. मैं तो हेल्पर हूँ."

संध्याकाळी मिस्त्रीने त्यांना शाबासकी दिली. प्रमोशन मिळालं तेव्हासुद्धा हा माणूस एवढा खूश नव्हता, असं साळवेवहिनी अजून सांगतात.

*

जुलैत मी सुट्टीवर नगरला गेलो. रविवारी सकाळी आईने माझ्या मुलीला नवा फ्रॉक घातला आणि चर्चला चल म्हणाली. मुलगी हटून बसली. "बट आजी, टुडे इज संडे! चर्च इज ऑन फ्रायडे!"

आई चर्चमध्ये पोचली ती थेट तिथल्या पाळकांकडे. नातीसाठी खास प्रार्थना करून घेतली, तेव्हाच तिच्या जिवात जीव आला.

मी परत आलो तर हॉलच्या भिंती खिडकीपर्यंत चढलेल्या. आणि खाली जोतं दोन फूट उंच! माझ्या ड्रॉइंगमध्ये सहा इंच होतं.

"तुकाराम, हे काय?"

"जोतं आहे."

"अरे, इथे पाऊस कुठे पडतो?"

"साहेब, आमच्या गावात जोत्याशिवाय गोठासुद्धा बांधत नाहीत. आणि पाऊस काय पत्र पाठवून येतो?"

चिडलो, पण भिंती पाडणार कशा?

*

मग स्लॅबचा दिवस. मिक्सर तयार, माणसं रांगेत, आणि तुकाराम हाताची घडी घालून उभा. पिशवीतून त्याने नारळ काढला. "नारळ फोडल्याशिवाय स्लॅब ओतायला माझा हात धजायचा नाही."

सगळे पाळकसाहेबांकडे बघायला लागले. चर्चच्या स्लॅबला नारळ! पाळकसाहेबांनी क्षणभर डोळे मिटले. "आधी आम्ही प्रार्थना करतो, मग तू फोड. खोबरं वाया घालवू नका, चटणी करा."

त्या दिवशीच्या चटणीला तोड नव्हती. आणि त्या स्लॅबमधून आजवर थेंब गळलेला नाही, हे मी छाती ठोकून सांगतो!

*

डिसेंबर उजाडला. रंग झाला, फरशी झाली. आणि कमिटीचे सेक्रेटरी मॅथ्यूसाहेब पत्र घेऊन आले. जोतं ड्रॉइंगप्रमाणे नाही, पायऱ्या फार, दिसायलाही विचित्र. फरशी फोडून खाली घ्या, तोवर सकाळची वेळ मिळणार नाही.

फोडायचं म्हणजे नाताळ गेलाच. जागाही गेली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. ड्रॉइंग माझं होतं, सुट्टीही माझीच होती.

तुकाराम म्हणाला, "मी बांधलेलं जोतं मी फोडायचा नाही. दुसरा मिस्त्री बघा."

दुसरा मिस्त्री बघायला आम्ही शुक्रवारी सकाळी जमलो, आणि पहाटेपासून पाऊस! शारजाच्या रस्त्यांवर गुडघाभर पाणी. कंपाउंडमधल्या बाकी प्रत्येक हॉलमध्ये पाणी शिरलं, प्लास्टिकच्या खुर्च्या तरंगायला लागल्या. आमची फरशी कोरडी ठणठणीत. पाळकसाहेबांनी पेटी काढली आणि उपासना सुरू केली.

तेवढ्यात पायऱ्यांपाशी मॅथ्यूसाहेब आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात. मागे मल्याळी मंडळी, तमिळ मंडळी, पोरंबाळं कडेवर.

"मिस्त्री, अंदर आ सकते हैं?"

तुकाराम दारात पोछा घेऊन उभा होता. त्याने शांतपणे घड्याळात बघितलं.

"सुबह का टाइम तो मराठी का है, साब. लेकिन आओ. पाँव पोंछ के!"