भोंगा उशिरा वाजवा

तारापूरच्या एका केमिकल फॅक्टरीला आमच्या गॅस-अलार्म पॅनलचा भोंगा नकोसा झाला होता. गॅसचा जरा कुठे वास लागला की तो बोंबलायचा, कामगार बाहेर पळायचे, चालू माल बिघडायचा. मग त्यांचा फोन आला, गॅस अर्धा मिनिट टिकला तरच भोंगा वाजवा. ठीक आहे, त्यांची गरज. पण आमचा मूळ कोड एकच! तोच केमिकलवाल्यांच्या पॅनलमध्ये, तोच कोल्ड स्टोरेजच्या, तोच बर्फाच्या कारखान्यांच्या. दुखणं एकाचं निघायचं आणि औषध सगळ्यांच्या घशात जायचं.

मी सरांना म्हटलं, "हा बदल वेगळा ठेवू. ज्याला हवा त्याच्याकडेच चालू करू." बोईसरच्या त्या ऑफिसात आम्ही मोजकी माणसं, आणि नवीन काहीतरी मागणारं गिऱ्हाईक रोज एक. सर म्हणाले, "प्रत्येकाचं वेगळं सांभाळत बसलो तर म्हातारे होऊ. सगळ्यांना एकच द्या." मी भांडले. माझं तोंड तसं फटकळच आहे. काही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवून जागेवर येते तोवर अपडेट सगळीकडे गेलेलं. सातपाटीच्या बर्फाच्या कारखान्यातसुद्धा. तिथल्या कॉम्प्रेसरच्या खोलीत माझा सख्खा मोठा भाऊ काम करतो. तिथला गॅस म्हणजे अमोनिया. तो छातीत भरायला अर्धा मिनिट कशाला लागतोय?

दादाला फोन लावला. उचलेना. मशीनच्या धडधडीत त्याला रिंग ऐकू येत नाही हे माहीत असूनही लावत राहिले. अपडेट ऑफिसात बसून पाठवता येतं, पण मागे घ्यायचं तर तिथे जाऊन पॅनलला लॅपटॉप जोडावा लागतो. सर म्हणाले, "उद्या कुणाला तरी पाठवू."

"उद्या? तुमचा भाऊ आहे का तिथे?" म्हटलं आणि स्कूटर काढली. पालघर गेलं, शिरगाव गेलं. वाटभर देवाला नवस बोलत होते आणि सरांना शिव्या घालत होते, दोन्ही मोठ्याने. लोक वळून बघत होते, बघू देत.

दादा धडधाकट होता. मशीनला तेल घालत होता. मला बघून म्हणाला, "अगो बाय, तू इकडं कशी?" मला रडूच फुटलं. रडत रडतच लॅपटॉप जोडला, जुना कोड चढवला आणि भोंगा तपासायचं बटण दाबलं. वाजला लगेच, पण आवाज कसा, तोंडावर उशी दाबल्यासारखा. स्टुलावर चढून पाहिलं तर आत फडका कोंबलेला.

"मीच घातलाय तो," दादा हसत म्हणाला. "कवाचा. जरा काय झाला का कोकलतो. मग मशीन बंद कर, सगली बाहेर. बर्फाला उशीर झाला का बोटवाले आमच्या नावानं शंख करतात. तुमच्या ऑफिसला कितीदा सांगितला, जरा उशिरा वाजवा. कोन ऐकतो?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू ऐकली असतीस?"

मी ओरडले, "अरे, तू मेलास तर आईला कुठल्या तोंडाने सांगू?"

"मरतंय कोन? वास आला का कलतो ना आमाला."

हेच, अगदी हेच, ते केमिकलवाले फोनवर बोलले होते. तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात लाखोली वाहिली होती. आता ती कुणाला वाहू? मी फडका ओढून बाहेर काढला. दादाने हात पुढे केला.

"दे इकडं."

दिला नाही. लॅपटॉपच्या बॅगेत कोंबला आणि तशीच निघाले. पण त्या खोलीत फडक्यांना काय तोटा होता?