दांडीला टांगलेला कोयता

माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताला दोनच बोटं उरलीत. बाकीची एवेलिओनं छाटली, आणि मी अजून त्या मेल्याला माफ केलेलं नाही.

माझा नवरा पोलो गावाचं पिण्याचं पाणी शुद्ध करतो. आमच्या डोंगरावर वीज नाही, सगळी मदार एका दांडीवर. तिच्या एका टोकाला पाण्यावर तरंगणारा डबा, दुसऱ्याला क्लोरीनची नळी. ओढ्याचं पाणी वाढलं की डबा वर येतो, नळी खाली झुकते आणि औषध जास्त पडतं. पाणी उतरलं की कमी. त्या दांडीला कुणी नुसतं बोट लावलं तरी पोलो अंगावर धावून यायचा, माझ्यासुद्धा.

टाक्या घासायला घरोघरचा माणूस पाळीनं येतो. एकदा एवेलिओची पाळी आली. कॉफीच्या मळ्यातला गडी कामाला लागण्याआधी कमरेचा कोयता काढून कुठेतरी अडकवणारच, ही आमच्याकडची जन्माची खोड. टाकीच्या खोलीतल्या एकुलत्या खिळ्याला पोलोचा रेनकोट होता, म्हणून या शहाण्यानं कोयता म्यानासकट टांगला दांडीला, नळीच्या बाजूला, आणि उतरला टाकीत घासायला. पोलो तेव्हा वर ओढ्याची जाळी साफ करत होता. तो परतेपर्यंत दांडी पार झुकली होती आणि क्लोरीन भसाभस गेलं होतं. त्यानं कोयता उतरवून भिंतीला टेकवला, पण तोवर पाणी नळांना पोचलं होतं.

गावभर घसे जळाले, पोटं बिघडली. पोलोनं चारचौघांत सांगितलं, चूक माझी. खरं काय ते त्यानं घरी फक्त मला सांगितलं.

त्याच आठवड्यात एवेलिओच्या बायकोचं, नोर्माचं, सहाव्या महिन्यात पोट पडलं. तापानं गेलं, पाण्याचा काही संबंध नाही, असं नर्स घसा फोडून सांगत होती. पण ऐकतो कोण?

मी पोलोची भाकरी घेऊन टाकीच्या खोलीत गेले होते तेव्हा एवेलिओ लाथेनं दार उघडून आत आला. हातात तोच कोयता. त्यानं पहिला वार दांडीवर उगारला. पोलोनं मध्ये हात घातला. बोटं पाण्यात पडली आणि पाणी लाल झालं. मी फावडं उचलून एवेलिओच्या तोंडावर हाणलं, त्याचे दात तुटले. त्यानं माझ्या पोटात अशी लाथ घातली की मी भिंतीवर आदळले.

मग त्यानं पोलोला केस धरून खाली पाडलं, छातीवर गुडघा रोवला आणि पातं गळ्याला लावलं. गळ्यावरून रक्ताची धार लागली.

"माझं लेकरू तुझ्या पाण्यानं मेलं," तो म्हणाला. तोंडातलं रक्त पोलोच्या चेहऱ्यावर पडत होतं.

मी ओरडणार होते. अरे नालायका, तुझाच कोयता होता तो! एका वाक्यात माझा नवरा वाचला असता. पोलोनं माझ्याकडे पाहिलं.

"चावेला, तू बोलायचं नाहीस," तो म्हणाला. मग एवेलिओला म्हणाला, "दांडी माझ्या ताब्यात होती. काप मला. पण दांडीला हात लावू नकोस, गाव आजारी पडेल."

एवेलिओच्या हातातून कोयता गळून पडला आणि तो फरशीवर डोकं आपटत राहिला.

दवाखान्यात मी पोलोला वाटेल ते बोलले. कुणासाठी बोटं घालवलीस, म्हटलं. तो म्हणाला, आपल्याच हातानं मूल मारलं असं त्याला वाटलं, तर तो कोयता स्वतःच्या मानेवर चालवेल. नर्सचं त्यानं तेव्हा ऐकलं नाही, आता ऐकेल होय?

पोलोनं तक्रार काही केली नाही. पुढच्या वर्षी परत एवेलिओची पाळी आली. दारात उभा राहून त्यानं कमरेचा कोयता सोडला आणि इकडेतिकडे बघू लागला. खिळ्याला रेनकोट होताच. त्याची नजर दांडीवर गेली.

पोलोनं तो दोन बोटांचा हात पुढे केला.

"आण इकडे. मी धरतो."

एवेलिओनं कोयता त्या हातात दिला आणि मान खाली घालून टाकीत उतरला. मी दात आवळून उभी होते. दुपारी भाकरी तिघांत वाटली, त्याच्या वाटची त्याच्यापुढे आदळली, पण त्या कोयत्याबद्दल तोंड उघडलं नाही.