लोखंडी कढईतली मेंदी

लोखंडी कढईत भिजवलेल्या मेंदीचा वास आला की मला दर्यापूरचं घर आठवतं. सासूबाई मोतीबिंदूचं ऑपरेशन करून अकोल्याहून परतल्या होत्या. त्या धावपळीत माझे केस रंगवायचे राहूनच गेले होते, म्हणून मी घाईनं मेंदी लावायला बसले. काळा चष्मा वर करून त्या माझ्या भांगाकडे पाहतच राहिल्या. “कवा पिकले व तुह्ये केस? माह्याच घरात पिकले, अन् मलेच दिसले नाई!” मी पदर डोक्यावर ओढला, तर त्यांनी तो हळूच मागे सारला. “काहून लपवतं? आता दिसून राह्यलं, त पाहू दे मले.” मेंदी कढईतच वाळली. आज लेक विचारते, “आई, लावून देऊ?” मी नको म्हणते. सासूबाईंनी डोळे भरून पाहिलेले केस आहेत हे.